नेत्याचे तेज येते कोठून?

दहावी-बारावीचे निकाल लागले, की शहरोशहरीच्या भिंतींवर आणि वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर व्यक्तिमत्त्व-विकासाच्या वर्गांच्या जाहिराती झळकू लागतात. हस्तांदोलन कसे करावे, श्रोत्यांच्या नजरेला नजर देऊन कसे बोलावे, आवाजाचा चढउतार कोठे साधावा, याचे शिक्षण ठराविक आठवड्यांत देण्याची हमी त्यांत असते. नोकरीच्या मुलाखतीला निघालेला पदवीधर, बढतीची वाट पाहणारा कारकून, पुढे-मागे निवडणुकीला उभे राहण्याचे मनात असलेला तरुण कार्यकर्ता, असे नाना प्रकारचे लोक तेथे हौसेने नाव नोंदवतात. त्यांच्या हौसेला हसण्याचे कारण नाही. चारचौघांत उभे राहताना ज्याचे पाय लटपटतात, त्याला चार वाक्ये धीटपणे बोलता आली तर ते चांगलेच. प्रश्न आहे तो त्यापुढचा. अशा रीतीने माणूस धीट झाला, तरी लोक त्याच्यामागे का म्हणून जावेत?

नेत्याच्या प्रभावाविषयी दोन समजुती समाजात घट्ट रुजलेल्या आहेत आणि त्या एकमेकींच्या नेमक्या उलट आहेत. पहिली अशी, की नेत्याचे तेज ही हावभावांची नि शब्दफेकीची कला असून ती सरावाने हस्तगत होते. दुसरी अशी, की ते तेज जन्मजातच असते; ज्याच्या ललाटी ते लिहिलेले नाही त्याने नेतृत्वाच्या वाटेला जाऊच नये. पहिल्या समजुतीमुळे नटवेपणाला नेतृत्वाची प्रतिष्ठा लाभते. दुसरीमुळे अनेक सालस व कर्तबगार माणसे आपल्या शाळेत, कचेरीत वा गावात पुढाकार घेण्याचे टाळतात आणि रिकामी राहिलेली जागा एखादा बोलघेवडा बळकावतो. दोन्हींचा भुर्दंड अखेर समाजालाच बसतो.

शब्दांची गफलत

मराठी वृत्तपत्रांत या तेजाला ‘करिष्मा’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. हा शब्द फार्सीतून उर्दू-हिंदीच्या वाटेने मराठीत आला. मूळ फार्सीत त्याचा अर्थ नेत्रकटाक्ष. उर्दूत तो चमत्कार या अर्थाने रूढ झाला. युरोपीय भाषांतील ‘कॅरिस्मा’ हा त्याच्याशी उच्चाराने मिळताजुळता, परंतु कुळाने अगदी निराळा शब्द होय. तो ग्रीक असून ईश्वरी कृपेने लाभलेले देणे, असा त्याचा अर्थ आहे. एका शब्दात मोहिनी आहे, दुसऱ्यात प्रसाद आहे. दोहोंची गल्लत झाल्यामुळेच की काय, मोहिनी घालणारा प्रत्येक जण प्रसाद लाभलेला पुरुष वाटू लागतो.

या ग्रीक शब्दाला समाजशास्त्रात स्थान मिळवून दिले ते जर्मन विचारवंत मॅक्स वेबर यांनी. ते १९२० साली निवर्तले आणि त्यांचा ‘अर्थव्यवस्था आणि समाज’ हा महाग्रंथ त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. माणसे दुसऱ्याची आज्ञा का मानतात, या प्रश्नाची उकल करताना त्यांनी सत्तेचे तीन आधार सांगितले : परंपरा, कायदा आणि व्यक्तीच्या असामान्यत्वावरील श्रद्धा. जुन्या काळी गावकरी पाटलाचे ऐकत ते वडिलार्जित वतनामुळे. तहसीलदाराचे ऐकावे लागते ते कायद्याने त्याला दिलेल्या अधिकारामुळे. परंतु ज्याच्यापाशी वतन नाही नि अधिकारपत्रही नाही, अशा माणसाच्या शब्दाखातर लोक घरदार सोडून निघतात, तेव्हा तेथे तिसरा आधार काम करीत असतो.

वेबर यांच्या विवेचनातील सर्वांत महत्त्वाचा भाग मात्र पुष्कळदा नजरेआड होतो. हे तेज आहे की नाही, हे ठरविणारा नेता नव्हे. ठरवितात ते अनुयायी. त्यांनी ते ओळखले तरच ते अस्तित्वात येते आणि नेत्याला ते पुनःपुन्हा सिद्ध करून दाखवावे लागते. तात्पर्य, तेज ही नेत्याच्या तिजोरीतील मालमत्ता नव्हे. ते नेता आणि लोक यांच्यामधील एक नाते आहे. नाते म्हटले की ते जोडावे लागते, जपावे लागते आणि ते तुटूही शकते.

फजितीपासून प्रारंभ

तेज जन्मजात असते ही समजूत किती पोकळ आहे, हे पाहण्यासाठी विसाव्या शतकातील ज्या भारतीयाच्या मागून लाखो लोक चालले, त्याच्याच तारुण्याकडे पाहावे. मोहनदास गांधी १८९१ साली बॅरिस्टर होऊन परतले आणि मुंबईत वकिली करू लागले. स्मॉल कॉजेस कोर्टात त्यांचा पहिला खटला उभा राहिला. प्रतिपक्षाच्या साक्षीदारांची उलटतपासणी घ्यावयाची होती. गांधी उठले आणि त्यांचे डोके गरगरू लागले. एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले, घेतलेली तीस रुपये फी परत केली आणि दुसरा वकील करण्यास सांगून कोर्टातून निघून गेले. ही हकिकत त्यांनी स्वतःच आपल्या आत्मकथेत मोकळेपणाने सांगितली आहे.

त्यानंतर पाच वर्षांनी, १८९६ साली, दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांची गाऱ्हाणी मांडण्यासाठी ते पुन्हा मुंबईत आले. सर फिरोजशहा मेहता यांच्या पुढाकाराने सभा भरली. भाषण लिहून आणलेले होते, तरीही वाचताना गांधींचा आवाज कापू लागला. फिरोजशहा मोठ्याने वाचण्याचा आग्रह करीत होते आणि त्यासरशी आवाज अधिकच खोल जात होता. अखेर ते भाषण दुसऱ्यांनी हाती घेतले आणि दिनशा वाच्छा यांनी ते वाचून दाखविले, तेव्हा कोठे सभा शांत झाली. व्यक्तिमत्त्व-विकासाच्या वर्गातील परीक्षकाने त्या दिवशी या तरुण बॅरिस्टराला खचित नापास केले असते.

परंतु या दोन प्रसंगांच्या दरम्यान प्रिटोरियात एक वेगळीच गोष्ट घडून गेली होती. १८९३ साली तेथील भारतीयांच्या एका बैठकीत गांधी बोलले. त्यांच्या आयुष्यातील हे पहिले जाहीर भाषण म्हणता येईल आणि तेथे त्यांची जीभ अडखळली नाही. विषय होता व्यापारातील सचोटी आणि राहणीतील स्वच्छता. श्रोते बहुतेक व्यापारीच होते. लोकांनी संघटना करावी असे त्यांनी सुचविले आणि ज्यांना इंग्रजी शिकावयाचे असेल त्यांना आपण शिकवू, असेही सांगितले. तिघे पुढे आले : एक न्हावी, एक कारकून आणि एक किरकोळ दुकानदार. विद्यार्थ्यांना यावयास सवड नव्हती, तेव्हा शिक्षकच त्यांच्या दुकानी नि बिऱ्हाडी जाऊ लागला. कामात गुंतलेल्या विद्यार्थ्याची कधी कधी वाट पाहत बसावे लागे. तरीही हा क्रम सुमारे आठ महिने चालला.

मुंबईच्या कोर्टात जो माणूस मुका झाला तोच प्रिटोरियात बोलता झाला, याचे कारण कोणत्याही वक्तृत्वशास्त्रात सापडणार नाही. कोर्टात त्यांचे चित्त स्वतःवर होते. आपण कसे दिसतो, आपले कसे होणार, ही चिंता होती. प्रिटोरियात ते समोरच्या माणसांच्या अडचणीवर होते. भीती गेली ती आत्मविश्वासाचे धडे गिरवून नव्हे; विषय ‘आपण’ हा राहिला नाही म्हणून गेली. आणि १८९६ च्या सभेत ती परत आली, यावरून एवढेच दिसते की असे गुण एका रात्रीत अंगी बाणत नाहीत.

ऐकणारा नेता

१९१५ च्या जानेवारीत गांधीजी भारतात कायमचे परतले, तेव्हा त्यांचे नाव झालेले होते. त्या काळी सभांना तोटा नव्हता. परंतु नामदार गोखले यांनी त्यांच्याकडून एक वचन घेतले : वर्षभर देश पाहावा आणि सार्वजनिक प्रश्नांवर जाहीर मत देऊ नये. पुढच्याच महिन्यात गोखले निधन पावले; वचन मात्र पाळले गेले. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून गांधीजी देशभर हिंडले. नेतृत्वाची पूर्वतयारी म्हणून मौन सुचविणारे गोखले आणि ते मान्य करणारे गांधी, या दोघांनाही तेजाचे मर्म उमगलेले होते.

त्याचे फळ १९१७ साली चंपारणात दिसले. बिहारच्या या जिल्ह्यात वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यामागे तीन कठ्ठे जमिनीत नीळ पेरण्याची सक्ती कुळांवर होती. तीच ती कुप्रसिद्ध ‘तीनकठिया’ पद्धत. राजकुमार शुक्ल नावाच्या शेतकऱ्याने चिकाटीने पाठपुरावा करून गांधीजींना तेथे नेले. जिल्ह्यातील रयतेला काँग्रेसची ओळख नव्हती आणि गांधींचीही नव्हती. जिल्हा सोडून जाण्याचा हुकूम सरकारने बजावला. गांधीजींनी तो मानला नाही. १८ एप्रिल १९१७ रोजी मोतीहारीच्या कोर्टात त्यांनी हुकूम मोडल्याचे सरळ कबूल केले. त्या दिवशी कोर्टाबाहेर हजारोंचा समुदाय लोटला होता. त्यांतील फारच थोड्यांनी त्यांचे भाषण पूर्वी ऐकले असेल. कोणी परका माणूस आपल्या दुःखासाठी तुरुंगात जाण्यास तयार झाला आहे, एवढीच वार्ता गावोगाव पोहोचली होती आणि तेवढी पुरेशी होती. पुढे सरकारने खटला काढून घेतला.

खरे काम त्यानंतर सुरू झाले आणि ते अगदीच कारकुनी होते. मदतीस आलेल्या नामवंत वकिलांना गांधीजींनी स्पष्ट सांगितले होते, की त्यांच्या कायद्याच्या ज्ञानाचा फारसा उपयोग नाही. लिहून घेणारे आणि दुभाषे हवे आहेत, आणि वेळ आल्यास तुरुंगात जाण्याची तयारी हवी आहे. राजेंद्रप्रसाद, ब्रजकिशोरप्रसाद यांच्यासारखी मंडळी मग दिवसचे दिवस रयतेच्या जबान्या उतरून घेऊ लागली. प्रत्येक जबानी उलट प्रश्न विचारून पारखून घेण्याचा दंडक होता. जी टिकत नसे ती नोंदविली जात नसे. या वकिलांचे आचारी वेगळे, चुली वेगळ्या. ते वेगळेपण मोडून सर्वांचा एकच स्वयंपाक सुरू झाला. हजारो जबान्यांचा हा ढीग पुढे चौकशी समितीपुढे निर्णायक ठरला आणि १९१८ च्या कायद्याने ती सक्ती संपुष्टात आली. ज्याला आयुष्यात कोणी कधी ऐकून घेतले नव्हते, त्या कुळाचे म्हणणे कोणीतरी कागदावर अक्षर न अक्षर उतरविले, तपासले आणि त्याचा पाठपुरावा केला. चंपारणात तेज उत्पन्न झाले ते या लेखणीतून.

आरसा आणि खराटा

याउलट आरशापुढे घडविलेल्या तेजाचे उदाहरणही विसाव्या शतकानेच दाखविले आहे. अ‍ॅडॉल्फ हिटलर भाषणातील आविर्भावांचा सराव करीत असे आणि हाइन्रिख हॉफमन हा त्याचा छायाचित्रकार त्या आविर्भावांची छायाचित्रे टिपत असे. ती पाहून कोणती मुद्रा ठेवावी आणि कोणती टाकावी हे ठरविले जाई. ती छायाचित्रे आजही उपलब्ध आहेत. एका सुशिक्षित राष्ट्राला त्या मुद्रांनी भारून टाकले आणि १९४५ साली त्याची राखरांगोळी झाली.

म्हणून तंत्र निरुपयोगी आहे असे मात्र म्हणता येणार नाही. स्वित्झर्लंडमधील लोझान विद्यापीठाचे जॉन अँटोनाकिस आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दृष्टान्त देणे, गोष्ट सांगणे, प्रश्न करून उत्तराकडे नेणे, आवाज व हावभाव यांचा मेळ घालणे, यांचे शिक्षण दिल्यावर व्यवस्थापकांचा प्रभाव वाढल्याचे दिसून आले. शिक्षकांना यात नवल वाटू नये. वर्गात ते हेच रोज करीत असतात. परंतु तंत्र हे हत्यार आहे. ते कोणाच्या हाती आणि कशासाठी आहे, याचे उत्तर तंत्रातून मिळत नाही.

महाराष्ट्रात ते उत्तर एका निरक्षर माणसाने दिले. विदर्भातील डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच गाडगेबाबा, यांच्याजवळ अँटोनाकिस यांच्या यादीतील झाडून सारे गुण होते. त्यांचे कीर्तन प्रश्नोत्तरांनी पुढे सरके. श्रोत्यांकडूनच उत्तर वदवून घ्यावयाचे आणि त्या उत्तरातच त्यांना त्यांच्या कर्जबाजारीपणाचे, व्यसनाचे, शिवाशिवीचे दर्शन घडवावयाचे, ही त्यांची हातोटी अजोड होती. पण संध्याकाळी कीर्तनात बोलण्यापूर्वी दिवसा त्यांनी खराट्याने गाव झाडलेले असे. अंगावर चिंध्या आणि हाती गाडगे असलेला हा माणूस लोकांना स्वच्छतेविषयी सांगू लागे, तेव्हा त्याचे पुरावे गावाच्या रस्त्यावर पडलेले असत. लोकांनी पाया पडू नये यासाठी ते जपत. त्यांच्या शब्दावर धर्मशाळा उभ्या राहिल्या, परंतु त्यांपैकी एकीतही त्यांनी स्वतःसाठी घर केले नाही. १९५६ च्या डिसेंबरात ते गेले तेव्हा त्यांच्या मागे संपत्ती नव्हती, काम होते.

नेता गेल्यावर

तेजाची खरी कसोटी नेता समोर असताना लागत नाही. तो दूर गेल्यावर लागते. याबाबतीत चंपारणचीच दुसरी बाजू पाहण्यासारखी आहे. तेथील खेड्यांत गांधीजींनी शाळा काढल्या. शिकविण्यासाठी महाराष्ट्रातून अवंतिकाबाई गोखले, आनंदीबाई वैशंपायन यांच्यासारखे स्वयंसेवक गेले. त्यांनी मुलांना शिकविले, स्त्रियांत मिसळून आरोग्याचे पाठ दिले. पण हे स्वयंसेवक थोड्या मुदतीसाठी आलेले होते आणि कायम राहणारे स्थानिक कार्यकर्ते मिळाले नाहीत. हे काम वर्षानुवर्षे चालावे ही आपली इच्छा अपुरी राहिली, असे गांधीजींनीच नमूद करून ठेवले आहे. नीळ गेली, शाळांचे काम मात्र व्हावे तसे रुजले नाही. एवढ्या मोठ्या तेजालाही जे साधले नाही ते ध्यानात ठेवावयास हवे.

त्याच्या शेजारी सातारच्या भाऊराव पाटलांचे काम ठेवून पाहावे. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. सर्व जातींची मुले एका पंगतीत बसवून वसतिगृह चालविताना पैसा संपला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने मोडावे लागले. भाऊराव स्वतः मॅट्रिकही झालेले नव्हते. त्यांच्या शब्दावर लोक धान्य देत, जागा देत, मुले देत. परंतु तेवढ्यावर ते थांबले नाहीत. मुलांनी श्रम करून शिकावे ही रीत त्यांनी घालून दिली, शिक्षक घडविणारी विद्यालये काढली आणि घडलेल्या शिक्षकांवर शाळा सोपविल्या. १९५९ साली ते निवर्तले. संस्था मात्र वाढत राहिली आणि आज शतक ओलांडून उभी आहे. तेज टिकवावयाचे तर ते वाटून टाकावे लागते, असा याचा अर्थ. वेबर यांनीही हेच सांगितले होते : नेत्याचे असामान्यत्व नियमांत, संस्थेत, रोजच्या कामात उतरले नाही, तर ते त्याच्याबरोबरच संपते.

निम्मी जबाबदारी अनुयायांची

तेज हे नाते असेल तर त्याची निम्मी जबाबदारी अनुयायांकडे येते. हे ओळखणारे नेतेही या देशात होऊन गेले. १९३७ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याच्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकात ‘चाणक्य’ या टोपणनावाने एक लेख प्रसिद्ध झाला. लोकप्रियतेच्या शिखरावर असलेल्या जवाहरलाल नेहरूंच्या ठायी हुकूमशहा होण्याजोगे गुण आहेत, तेव्हा त्यांना पुन्हा काँग्रेसचे अध्यक्ष करू नये, असा त्यात इशारा होता. लेखक स्वतः नेहरूच होते. आपल्या तेजाचा धाक ज्याला स्वतःलाच वाटतो, असा नेता विरळा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच मुद्दा अनुयायांच्या बाजूने मांडला. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात गोखले स्मारक सभागृहात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त बोलताना त्यांनी विभूतिपूजेवर कठोर टीका केली. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील समारोपाच्या भाषणात त्यांनी बजावले, की धर्मातील भक्ती आत्म्याच्या मुक्तीकडे नेत असेलही, पण राजकारणातील भक्ती अधःपाताकडे आणि अंती हुकूमशाहीकडे नेते. ज्यांच्या एका शब्दावर लाखो लोक उभे राहत, त्यांनी हे सांगावे याला विशेष महत्त्व आहे. कृतज्ञता वेगळी आणि शरणागती वेगळी, हा विवेक त्यांना लोकांच्या ठायी हवा होता.

म्हणून कोणत्याही प्रभावी माणसाकडे पाहताना काही साधे प्रश्न विचारण्याची सवय जडली पाहिजे. जो त्याग तो इतरांकडे मागतो, त्याचा प्रारंभ त्याने स्वतःपासून केला आहे काय? त्याच्यापुढे प्रश्न विचारणाऱ्याला मान आहे, की केवळ टाळ्या वाजविणाऱ्याला? त्याच्या सहवासात माणसे अधिक समर्थ होतात, की त्याच्यावाचून पाऊल टाकण्यास असमर्थ होतात? आणि उद्या तो नसला तर काय उरेल? भाषणाची मोहिनी या प्रश्नांची उत्तरे देऊ शकत नाही. दैनंदिन वर्तन देते.

ज्याला आपल्या ठायी काही तेज यावे असे वाटते, त्यालाही वाट याच प्रश्नांतून सापडेल. शाळेतल्या शिक्षकाला मागच्या बाकावरच्या मुलाचे म्हणणे पूर्ण ऐकून घेता येते. कचेरीतल्या कारकुनाला हेलपाटे घालणाऱ्या वृद्धाचा कागद त्याच दिवशी पुढे सरकवता येतो आणि चूक आपली असेल तर ती कबूल करता येते. विद्यार्थी-संघटनेच्या चिटणिसाला सतरंज्या घालण्यापासून हिशेब मांडण्यापर्यंतची कामे स्वतः करून मग ती दुसऱ्यांवर सोपवता येतात. यासाठी भरघोस आवाज लागत नाही, देखणा चेहरा लागत नाही आणि शुल्कही भरावे लागत नाही. लागते ते सातत्य, आणि नेमके तेच आठवड्यांच्या हिशेबाने शिकविता येत नाही.

प्रिटोरियातील त्या न्हाव्याला गिऱ्हाइकाशी बोलण्यापुरते इंग्रजी हवे होते. त्याची मागणी एवढीच होती. त्या एवढ्याशा मागणीसाठी जो बॅरिस्टर त्याच्या दुकानात ताटकळत बसला, त्याच्या मागून पुढे देश चालला, यात चमत्कार शोधण्याची गरज नाही.